पेशी कमी म्हणजे रक्त पातळ, असं नाही

पावसाळा लागला की सोलापुरात ‘पेशी’ हा घरोघरचा विषय होतो. ताप, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि तिच्यातला प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, आकडा. आणि आकडा हाती पडला की पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, कुणी सुचवलंच तर शेळीचं दूधसुद्धा. दरवर्षीच्या या डेंग्यूने एक समजूत घट्ट बसवली आहे: पेशी घटल्या म्हणजे रक्त पातळ झालं, आता कुठूनही रक्त येणार, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी बंद करा. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे एपीएस, असलेल्या माणसाच्या बाबतीत हा सल्ला घात करतो. त्याच्या प्लेटलेट कमी असू शकतात आणि त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्याही होऊ शकतात.

लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या आजाराचं चित्र मांडलं: पायाच्या शिरेत गुठळी, कमी वयात पक्षाघात, वारंवार गर्भपात, आणि रक्तात शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या विशिष्ट अँटिबॉडी. नावात फॉस्फोलिपिड असलं तरी या अँटिबॉडींचं खरं लक्ष्य बहुतेक वेळा बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ हे यकृतात तयार होणारं प्रथिन असतं, हे १९९० च्या सुमारास कळलं. हे प्रथिन एरवी रक्तात निमूट फिरतं. अँटिबॉडीने त्याच्या जोड्या बांधल्या की ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर, वारेच्या पेशींवर आणि प्लेटलेटवर घट्ट बसतं. अस्तर चिकट होतं, प्लेटलेट चेतवल्या जातात, गुठळी होण्याकडे सगळा कल झुकतो.

प्लेटलेट घटतात त्या इथेच. काही चेतवल्या जाऊन वापरल्या जातात. काही अँटिबॉडीने माखल्यामुळे प्लीहेत गाळल्या जातात. बऱ्याच रुग्णांत आयटीपीमध्ये (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) सापडतात तशा, प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या ग्लायकोप्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडीही असतात. आजाराने उग्र रूप घेतलं तर बारीक बारीक वाहिन्यांतल्या असंख्य गुठळ्यांतच त्या संपतात. खात्यात शिल्लक कमी दिसते म्हणून खर्च थांबला असं कुणी म्हणत नाही. खर्च जोरात चालू आहे म्हणूनच शिल्लक कमी असते.

एपीएसच्या साधारण पाचातल्या एका ते दोन रुग्णांत प्लेटलेट कमी सापडतात. बहुतेकांचा आकडा ५०,००० ते १,५०,००० च्या दरम्यान वर्षानुवर्षं घुटमळतो आणि अंगावर एक लाल ठिपकाही उठत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांत २०,००० ते १,३०,००० या टप्प्यातल्या प्लेटलेटना २ गुण आहेत. रुग्णाला एपीएसच्या वर्गात बसवायला क्लिनिकल बाजूने किमान ३ गुण लागतात, म्हणजे नुसत्या कमी पेशींवर तो बसत नाही. (हे निकष संशोधनासाठी आहेत, हेही खरं. समोरच्या रुग्णाला औषध द्यायचं की नाही हे गुणपत्रिकेवर ठरत नाही.) आकडा २०,००० च्याही खाली गेला तर एपीएस असला तरी दुसरं कारण शोधलंच पाहिजे.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

सीबीसी जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए असलेल्या ट्यूबमध्ये होते. काही लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळे ट्यूबमध्येच प्लेटलेटचे पुंजके होतात. मशीन अख्खा पुंजका एक पेशी म्हणून मोजतं, किंवा मोजतच नाही, आणि २ लाखांच्या जागी ४०,००० छापून येतात. शरीरात काही बिघडलेलं नसतं. यावर उपाय स्वस्त आहे: काचपट्टीवर स्मिअर काढून तिची शेपटी, म्हणजे पातळ होत गेलेली कड, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पुंजके तिथेच जाऊन बसतात. दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या ट्यूबमधल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. रिपोर्टवर ‘स्मिअरवर खात्री केली’ असं लिहिलेलं नसेल तर लॅबला फोन करून विचारावं. प्लेटलेट आकाराने मोठ्या असल्या तरी मशीन फसतं, तेही स्मिअरवरच कळतं.

खऱ्याच कमी असतील तर आपल्याकडे नेहमीचे संशयित आधी तपासायचे: डेंग्यू, मलेरिया, बी-१२ ची कमतरता, यकृताचा आजार आणि त्याने वाढलेली प्लीहा, एचआयव्ही, हेपटायटिस सी, चालू औषधं. हेपरिन, म्हणजे गुठळी रोखणारं इंजेक्शन, सुरू झाल्यापासून ५ ते १० दिवसांत आकडा निम्म्याहून खाली आला तर हेपरिननेच प्लेटलेट घटल्या असण्याची शक्यता असते; तिथेही गुठळ्याच होतात आणि हेपरिन त्याच क्षणी थांबवावं लागतं. एपीएसच्या रुग्णाला हेपरिन हमखास मिळतं, त्यामुळे ‘याच्या तर आधीपासूनच कमी होत्या’ म्हणून हे निसटतं. म्हणूनच पहिल्या सुईआधीचा प्लेटलेटचा आकडा तारखेसह केसपेपरवर हवा.

मग एपीएसची शंका कधी घ्यायची? कमी पेशींसोबत यातलं काही असेल तेव्हा: आधी कधी तरी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी, पन्नाशीच्या आत पक्षाघाताचा झटका, दहाव्या आठवड्यानंतर पोटातच गेलेलं बाळ, मांड्यांवर जाळीसारखे जांभळट पट्टे, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), लागण नसताना पॉझिटिव्ह आलेली व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी (तिच्यात कार्डिओलिपिन हे फॉस्फोलिपिडच वापरतात), किंवा काही कारण नसताना लांबलेला एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची एक चाचणी.

तीन चाचण्या, आणि त्यातली एक नाजूक

आपल्याकडे चिठ्ठीवर ‘एपीएलए’ (अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी) एवढंच लिहायची पद्धत आहे. त्या नावाने अनेक लॅब फॉस्फोलिपिडांच्या मिश्रणावर केलेली एक एकत्रित चाचणी करून देतात. ती खऱ्या तीन चाचण्यांची जागा घेत नाही. चिठ्ठीवर नावानिशी लिहून घ्यावं: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आयजीजी व आयजीएम (हे अँटिबॉडीचे दोन प्रकार), अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ आयजीजी व आयजीएम.

शेवटच्या दोन साध्या सिरमवर होतात, रक्त पातळ करायच्या औषधांचा त्यांवर परिणाम होत नाही, नमुना बाहेरगावी पाठवला तरी फारसं बिघडत नाही. सगळी गोम ल्युपस अँटिकोॲग्युलंटमध्ये आहे. यात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेला द्रव, गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात, त्यामुळे सुई टोचल्यापासून पुढचं प्रत्येक पाऊल निकालात उतरतं.

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं; ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त, म्हणजे १ ला ९. शीर सापडली नाही म्हणून ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि गोठण्याची वेळ उगाच लांबते. अशी ट्यूब टाकून द्यायची, पुढे पाठवायची नाही. भरलेली ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करायची, खुळखुळवायची नाही. चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करायचा, आणि सेंट्रिफ्यूज एकदा नाही, दोनदा फिरवायचं. पहिल्या फेरीनंतर वरचा प्लाझ्मा प्लॅस्टिकच्या नळीत घ्यायचा, तळाजवळचा पांढरट थर न ढवळता. दुसऱ्या फेरीनंतरही तळाचा थोडा सोडून द्यायचा. प्लाझ्मात दर मायक्रोलिटरला १०,००० पेक्षा कमी प्लेटलेट उरल्या पाहिजेत. जास्त उरल्या आणि नमुना गोठवला, की त्या फुटतात, त्यांतलं फॉस्फोलिपिड बाहेर पडतं, अँटिबॉडी त्यालाच चिकटतात आणि चाचणी निगेटिव्ह येते. आजार असून नाही असं लिहिलेला रिपोर्ट हा असा तयार होतो.

सोलापुरातून हा नमुना बऱ्याचदा पुण्या-मुंबईला जातो. तेव्हा कलेक्शन सेंटरला तीन गोष्टी विचाराव्यात: दोनदा फिरवता का, इथेच गोठवता का, आणि ड्राय आइसमध्ये पाठवता का. ‘बर्फाच्या पिशवीत टाकून रात्रीच्या बसने जातं’ असं उत्तर आलं तर पैसे वाचवा. मे महिन्यात तर बोलायलाच नको. जमत असेल तर माणसानेच जिथे चाचणी होते तिथे जाऊन रक्त द्यावं. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन त्याच रात्री परत येता येतं. मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर आहे. रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, एनआयआयएच, परळला केईएमच्या आवारातच आहे.

औषधांची वेळही सांभाळावी लागते. रिव्हॅरोक्सॅबानसारख्या रक्त पातळ करायच्या नव्या गोळीवर असताना ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. वॉरफरिन, ॲसिनोकुमरॉल या जुन्या गोळ्यांवर अर्थ लावणं अवघड जातं. एनॉक्सापॅरिन या हेपरिनच्या प्रकाराची सुई चालू असेल तर शेवटच्या सुईनंतर किमान १२ तासांनी, पुढच्या सुईच्या अगोदर रक्त द्यावं. अंगात मोठा जंतुसंसर्ग असताना सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) वाढून एपीटीटीवर आधारलेला भाग फसवतो. म्हणून चाचणीसाठी गोळी स्वतःहून बंद करायची का, तर नाही. चालू औषध आणि शेवटच्या डोसची वेळ फॉर्मवर लिहायची.

समजा रिपोर्ट असा आला: प्लेटलेट ७२,०००, स्मिअरवर खात्री केलेल्या. पीटी, म्हणजे गोठण्याच्या वेळेची दुसरी चाचणी, नॉर्मल. एपीटीटी ५८ सेकंद, कंट्रोल ३०. निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा निम्मा मिसळूनही ४९. म्हणजे गोठण्याच्या घटकाची उणीव नाही. उणीव असती तर मिसळल्यावर वेळ भरून निघाली असती. काही तरी अडवतंय. मग डीआरव्हीव्हीटी ही ल्युपस अँटिकोॲग्युलंटची खास चाचणी: जादा फॉस्फोलिपिड घातल्यावर वेळ आखडते, स्क्रीन (फॉस्फोलिपिड कमी) आणि कन्फर्म (जादा) या दोन वेळांचं गुणोत्तर १.७, बऱ्याच लॅबची मर्यादा १.२ च्या आसपास असते. ल्युपस अँटिकोॲग्युलंट आहे. वर अँटिकार्डिओलिपिन आयजीजी ९२ आणि अँटि-बीटा-२ आयजीजी ८८, दोन्ही ८० च्या वर. तिन्ही पॉझिटिव्ह. हा रिपोर्ट बघून ‘एपीटीटी दुप्पट, पेशी ७२,०००, रक्त फारच पातळ आहे’ असं म्हणणारे भेटतात. नळीत गोठायला वेळ लागतो, कारण अँटिबॉडी चाचणीतलं फॉस्फोलिपिड अडवून धरतात. शरीरात याच माणसाला गुठळीचा धोका सगळ्यांत जास्त.

अपवाद एकच लक्षात ठेवण्यासारखा. ल्युपस अँटिकोॲग्युलंट असताना पीटीही लांबलेला असेल आणि खरोखर रक्तस्राव होत असेल, तर प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे फॅक्टर-२, मोजून घ्यावं. क्वचित त्याविरुद्धच्या अँटिबॉडीने ते घटलेलं असतं, आणि मग गणित उलटं होतं.

पॉझिटिव्ह आलेली चाचणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. तापानंतर, संसर्गानंतर या अँटिबॉडी तात्पुरत्या उगवतात आणि मावळतात. एकदाच, आयजीएम, तेही १८ किंवा २२ युनिट, एवढ्यावर एका गर्भपातानंतर ‘तुम्हाला एपीएलए आहे’ असं सांगून पुढच्या खेपेला नऊ महिने रोज पोटात सुई घ्यायला लावणं आपल्याकडे सर्रास चालतं. ४० च्या खालचा आकडा कमकुवत असतो आणि एकट्या आयजीएमला नव्या निकषांत फारसं वजन नाही. दुसरी चाचणी मागायचा हक्क रुग्णाला आहे.

औषध: आकडा आणि गुठळी वेगवेगळ्या तागडीत

प्लेटलेट ५०,००० च्या वर असतील आणि गुठळी झालेली असेल, तर रक्त पातळ करायचं औषध पूर्ण मात्रेत चालतं. पेशी वाढवायला काही लागत नाही. तीन-चार महिन्यांनी सीबीसी पुरते. २५,००० ते ५०,००० मध्ये तज्ज्ञ बऱ्याचदा एनॉक्सापॅरिनची मात्रा निम्मी करतात. हा आडाखा कर्करोगाच्या रुग्णांकडून उसना घेतलेला आहे, त्यामुळे गुठळी ताजी असेल तर मात्रा पूर्ण ठेवून पेशी वर आणण्याकडेही कल असतो. ३०,००० च्या खाली किंवा रक्तस्राव असेल तर आयटीपीसारखे उपचार: प्रेडनिसोलोन किलोमागे १ मिलिग्रॅम, नाहीतर डेक्सामेथासोन ४० मिलिग्रॅम चार दिवस, घाई असेल तर आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी), सावकाश सोडून आणि अंगात पाणी भरपूर ठेवून, कारण तिनेही गुठळी होऊ शकते. पुढे रिटक्सिमॅब. एल्ट्रोम्बोपॅग आणि रोमिप्लोस्टिम प्लेटलेट झपाट्याने वाढवतात, पण एपीएसमध्ये ती वाढच महागात पडू शकते. या अँटिबॉडी आहेत की नाहीत हे बघितल्याशिवाय ती औषधं सुरू करू नयेत. प्लेटलेटची पिशवी जीवघेण्या रक्तस्रावापुरती. नुसता आकडा सजवायला पिशवी चढवणं म्हणजे पैसे आणि धोका दोन्ही फुकट.

गुठळीसाठी आजही वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉलच, शिरेतल्या गुठळीला आयएनआर (गोळीचा परिणाम किती झाला ते दाखवणारा, पीटीवरून काढलेला आकडा) २ ते ३. तपासणी नको म्हणून रिव्हॅरोक्सॅबानवर जायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्यांवर चाललेला औषधाचा अभ्यास २०१८ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, कारण रिव्हॅरोक्सॅबानच्या गटात पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके जास्त आले. धमनीत गुठळी झालेल्यांनी आणि तिहेरी पॉझिटिव्ह असलेल्यांनी तो नाद सोडावा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, विशेषतः ल्युपस असेल तर, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, डोळ्यांची तपासणी ठरवून. गरोदरपणात वॉरफरिन गर्भाला अपाय करतं, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. पाळी चुकली की लगेच चाचणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हेपरिन व ॲस्पिरिनवर बदल.

आयएनआर शक्यतो एकाच लॅबमध्ये, शिरेतल्या रक्तावर करावा. बोटाच्या थेंबावरची मशीन या अँटिबॉडींमुळे आकडा चढा दाखवू शकतात, ४.५ बघून गोळी कमी केली, खरा आयएनआर २.१ होता, असं घडतं. गोळी सुरू करण्याआधीचा पीटी नोंदवलेला असला की हा घोळ ओळखता येतो. गोळी संध्याकाळी घ्यावी, म्हणजे सकाळच्या रिपोर्टनुसार त्याच दिवशी मात्रा बदलता येते.

रोजचं

मेथी, पालक, शेपू, चाकवत बंद करायची गरज नाही, आठवड्याचं माप सारखं ठेवा. बाजारात स्वस्त झाली म्हणून चार दिवस नुसती मेथी खाल्ली की आयएनआर उतरतो. शेंगा चटणी आणि भाकरीने काही बिघडत नाही. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनॅझोल यांनी आयएनआर उसळतो. कोर्स सुरू झाला की तीन-चार दिवसांत तपासा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. कमरेत सुई नको, आत रक्त साखळतं. गल्लीतल्या डॉक्टरांना आधीच सांगा. दात काढायला आयएनआर मर्यादेत असेल तर गोळी सहसा बंद करावी लागत नाही.

सणाला, गड्ड्याच्या यात्रेला, पंढरपूरला किंवा घरच्या पूजेला पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून आणली जाते. एपीएस असलेल्या बाईने ती घेऊ नये. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्याही नकोत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा निर्जळी उपास टाळा. अंगातलं पाणी आटलं की रक्त घट्ट होतं, आणि ॲसिनोकुमरॉलचा आयएनआरही भरवशाचा राहत नाही.

आणि डेंग्यू झालाच तर? गोळी कुणी बंद करायची, कधी आणि किती दिवस, हे उपचार करणारे डॉक्टर रोजच्या सीबीसीवर ठरवतील. अशा रुग्णाने तापाच्या पहिल्याच दिवशी दाखवावं. पपईचा रस पिऊन घरी थांबू नये.

प्लेटलेट झरझर उतरतात, सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) चढतं, धाप लागते, गोंधळल्यासारखं होतं, स्मिअरवर फुटक्या लाल पेशी दिसतात, हे उग्र एपीएसचं चित्र आहे. एका आठवड्यात तीन अवयव गाठतं. बहुधा संसर्ग, शस्त्रक्रिया किंवा बंद केलेली गोळी यांच्या पाठोपाठ येतं. त्याला हेपरिन, स्टेरॉइड आणि प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा बदलणं) किंवा आयव्हीआयजी एकत्र लागतं, म्हणजे आयसीयू लागतो. एक पाय सुजणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, एका डोळ्यापुढे अंधारी, छातीत कळ, काळी शी, पडल्यावर डोकं दुखत राहणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. पक्षाघातावरच्या गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास असते. आयएनआर आणि प्लेटलेट बघून ते द्यायचं की नाही ठरतं, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर चार गोष्टी ठळक लिहून ठेवा: आजाराचं नाव, चालू गोळी व मात्रा, शेवटचा आयएनआर तारखेसह, आणि नेहमीचा प्लेटलेटचा आकडा. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून रात्री सोलापूर गाठणाऱ्याच्या हातात हे पान असलं, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला ७२,००० बघून दचकावं लागत नाही.